न लागलेला दम

चवथीचा गणपती आटोपून मडकईहून काल रात्री परतलो. येताना डबाभर नेवऱ्या आणल्या आणि वन्संचं एक वाक्य.

चौथ्या रात्री आरत्या झाल्यावर नेहमीप्रमाणे फुगड्या रंगल्या. आधी गोल धरून संथ, गाणं म्हणत, मग जोड्या जोड्या आणि शेवटी गाणंबिणं सोडून नुसतं ‘फू फू’ करत गरगरायचं. थांबल्यावर सगळ्या जणी धपाधप भिंतीला टेकल्या. कोणी पदराने वारा घेतेय, कोणी छातीवर हात धरून बसलीय. मी मात्र उभीच होते. खरं तर आणखी एक घ्यावी म्हणून हात पुढे केला होता. तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, “वहिनीला काय होतंय? ती आता व्यायामवाली. तिला आवडतं ते.”

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि हात मागे घेतला.

टोमणा नव्हता तो. वन्संचे टोमणे मी ओळखते, ते जेवणाच्या पंगतीत येतात. मग लागलं का एवढं? आज सकाळपासून भांडी आवरताना, बाल्कनीत कपडे वाळत घालताना तेच. तिला आवडतं ते. कोणीतरी आपली चोरी पकडावी तसं वाटलं, पण चोरी कसली तेच सापडत नाही.

व्यायाम आवडणारी माणसं मला कधी आवडलीच नाहीत, हे आधी लिहून टाकते. शाळेत उशीर झाला, मैदानाला फेऱ्या. बडबड केली, फेऱ्या. कवायतीच्या तासाला मी हमखास शेवटची, आणि मी पोचेपर्यंत सगळा वर्ग सावलीत उभा राहून माझ्याकडे बघत असायचा. सर मुद्दाम सगळ्यांना थांबवून ठेवायचे. त्या वयात मुलीला कसं वाटतं हे त्यांना... जाऊ दे. नंतर मुलं, मग ह्यांचं ते सगळं, मग माझे स्वतःचे रिपोर्ट आणि डॉक्टरांचं “चाला.” शिक्षेचं औषध झालं, एवढाच फरक. आईला तर कोणी कधी ‘चाला’ म्हटलं नाही. ती विहिरीवरून पाणी आणायची, भात लावायची, आणि तिच्या गुडघ्यांचं पुढे काय झालं ते आम्ही बघितलंच आहे. ट्रॅक पँट घालून मजेत हात हलवत चालणाऱ्या बायका दिसल्या की मला आजही आधी आईच आठवते.

आवडतं म्हणायला जीभ रेटत नाही ती त्यामुळे का? असेल थोडंफार. पण वन्सं बोलल्या तेव्हा आई काही मनात नव्हती.

बाबूने घड्याळ आणून दिलं तेव्हाची मी आठवते. रोज दहा हजार पावलं. पणजीत मिरामारला भाऊसाहेब बांदोडकरांच्या समाधीपासून दोनापावलाच्या दिशेने जीव खाऊन चालायचं, डोळ्यांत घाम, कानांत धडधड, समुद्राकडे बघायची सोय नाही. आकडा भरला नाही की रात्री जेवल्यावर हॉलमध्ये येरझारा. हे टीव्हीवरून नजर न काढता म्हणायचे, “बस गं, चक्कर येते मला.” रात्री झोपताना उद्याची सकाळ नको वाटायची. आणि मग बाबूकडूनच कळलं की तो दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरने रुग्ण तपासून काढलेलाच नव्हता. 1964 ला टोकियोला ऑलिंपिक झालं, त्यानंतर 1965 मध्ये एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. खपायला बरं. म्हणजे मी रात्री सोफ्याभोवती घिरट्या घालत होते ते एका जुन्या जपानी जाहिरातीपायी! घड्याळ त्या रात्री चार्जिंगला लावलं नाही, ते अजून ड्रॉवरमध्ये आहे.

नंतर माई भेटली. माई पणजीतल्याच मळा भागातून निघते आणि फोंतेनातल्या पायऱ्यांनी आल्तिनोच्या टेकडीवर चढते. डॉक्टरांनी मला एक सोपी खूण सांगितली होती, चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. बोलताही येईना म्हणजे जास्त झालं, गाता येतंय म्हणजे कमी पडतंय. माई भजनी मंडळातली, ती चढावर गातच असते. त्या हिशोबाने माईने आजवर काडीचा व्यायाम केलेला नाही. पण तिच्याशी बोलायचं म्हणून मी वेग उतरवला आणि बिशपांच्या बंगल्यापाशी पोचले तेव्हा पहिल्यांदाच पोटात ढवळलं नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं मी आळशी आहे. जीव कासावीस होईपर्यंत दामटलं तर दुसऱ्या दिवशी पाय तिकडे कशाला वळतील? बैलसुद्धा वळणार नाही.

चढण्याचं भय गेलं तसं उतरण्याचं कळलं. सुरुवातीला मांड्या धरल्या होत्या त्या चढून नव्हे, उतरून. उतारावर स्नायू लांबत असतानाच वजन पेलतो, म्हणून तो जास्त दुखतो, आणि दुखणं पण लगेच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उगवतं. हे ठाऊक नसतं तर मी माईला सोडून घरी बसले असते. आता पावसात पायऱ्यांवर शेवाळ धरतं तेव्हा आम्ही सरळ कांपालला जातो, कला अकादमीच्या बाजूने मांडवीच्या कडेकडेने. कॅसिनोच्या बोटी, गरी टाकून बसलेली माणसं, आणि माईची तिच्या सुनेबद्दलची मालिका. ती मालिका मला चुकवायची नसते. याला व्यायामाची आवड म्हणायचं की काय, देव जाणे.

आत्ता लिहिता लिहिता एक लक्षात आलं आणि एकटीच हसले. डॉक्टरांची खूण फुगडीला लावून बघितली. पहिला गोल गाणं म्हणत, म्हणजे हलका. मग सूर तुटायला लागतो. शेवटी नुसतं ‘फू’, म्हणजे बोलायचीही सोय नाही, भरपूर झालं! जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम श्रम करा म्हणते, आणि 2020 पासून तर थोडं थोडं केलेलंही धरतात, पूर्वीसारखी सलग दहा मिनिटांची अट नाही. म्हणजे चवथीच्या पाच दिवसांत वन्संनी केलेलं सगळं खात्यावर जमा. व्यायामवाल्या त्याही, फक्त त्यांना कोणी म्हणत नाही.

त्यांना तसं म्हणायला हवं होतं का तिथल्या तिथे? नको. फुगडीला व्यायाम म्हटलं की संपली फुगडी.

पण परत तेच. लागलं का?

दर रविवारी वन्संचा फोन येतो. त्यांचे गुडघे, माझे टाचेचे काटे, डॉक्टर काय म्हणाले, कोणाला उठवतंय सकाळी, मेलं ते चालणं. तासभर. दोघी एकमेकींना कंटाळा पुरवत आलो इतकी वर्षं, आणि खरं सांगायचं तर नणंद-भावजय म्हणून आमचं जे काही जमलं ते त्याच्यावरच. मे महिन्यापासून माझ्याकडून त्यात भर पडलेली नाही. मी नुसतं “हो ना” म्हणते. त्यांच्या ते कधीच लक्षात आलं असणार. भिंतीला टेकून सगळ्या धापा टाकत होत्या तेव्हा मला बसायचं होतं त्यांच्यात, पण खोटा दम कसा लावणार?

हे सगळं लिहून होतंय तोच त्यांचा मेसेज आला. “सकाळी किती वाजता जाता गं तुम्ही?” मागे हसणारं चित्र नाही, काही नाही. बोलत चालायचं म्हटलं तर वन्संसारखी सोबत सापडायची नाही, माईची मालिका फिकी पडेल. पण आम्ही निघतो सहाला. ताळगावात सहाला वन्संना उठवणार कोण? आणि त्या येतो म्हणाल्या तर चहा झाल्याशिवाय येणार नाहीत, म्हणजे साडेसात, म्हणजे ऊन. माईला विचारते सात चालेल का. चालेल म्हणाली तर मग कळवते.