तुम्ही विचारलंत म्हणून: पंचम इतका गोड, मग खोडता का?

"तंबोऱ्यात सा-प जन्मभर एकत्र वाजतात. मग तुमच्या फोर-पार्ट हार्मनीत, म्हणजे वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बास या चार आवाजांच्या रचनेत, दोन आवाज पंचमाच्या अंतराने बरोबर चालले तर बिघडतं काय?" कीबोर्ड शिकणारी मुलं विचारतात, पालक विचारतात, तबलजी मित्र तर दर बैठकीला विचारतो.

बिघडत काहीच नाही. गोडच लागतं, म्हणून तर पंचाईत. सा आणि प यांच्या कंपनांचं प्रमाण २:३. नुसता सा छेडला तरी त्याच्या उपस्वरांत, म्हणजे त्याच्याबरोबर आपोआप उमटणाऱ्या बारीक स्वरांत, वरचा पंचम असतोच. म्हणून दोघं जोडीने सरकले की कानाला एकच जाड आवाज वाटतो. सप्तकाच्या अंतरावर तर विचारूच नका. माणसं चार उभी, ऐकू येतात तीन.

हे मला पुस्तकाने पटवलं नाही. असे पंचम निषिद्ध मानणारे फुक्स या ऑस्ट्रियन संगीतकाराचे १७२५ सालचे काउंटरपॉइंटचे, म्हणजे सुरावटीवर सुरावट रचण्याचे, धडे चाळताना विशीतला मी म्हणायचो, हे गोऱ्यांचं सोवळं आहे, दुसरं काही नाही.

मग एका कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, टेनर गायलो. माझी ओळ कधी बासच्या सप्तकभर वर, कधी पंचमावर, पण पावलं त्याचीच. घरी घोकघोक घोकली होती. एका तालमीला दुसरा टेनर आला नव्हता, मी एकटाच. मध्येच खोकला आला म्हणून थांबलो. कुणी वळून पाहिलं नाही. खोकला गेला, तरी गप्प राहिलो, मुद्दाम. नुसते ओठ हलवत होतो. अख्खं कडवं गेलं. शेजारचा बासवालाही आपल्याच नादात. संपल्यावर कंडक्टर म्हणाले, "वा, आज टेनर छान लागले!" सगळे हसले, मीही हसलो. पुढच्या तालमीला गेलो नाही. त्यानंतरही नाही.

म्हणून मुलांच्या वहीत असे जोडीने चालणारे पंचम दिसले की लाल रेघ मारतो. हो, जर्मन संगीतकार बाखच्या कोरालांतही, म्हणजे चार आवाजांतल्या भजनांतही, असे पंचम सापडतात. त्याच्या नंतरच्या ब्राम्स या संगीतकाराने तर थोरामोठ्यांच्या रचनांतले वेचून टिपून ठेवले होते. फ्रेंच संगीतकार दब्यूसी अख्खे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गुच्छ, तसेच सरकवतो, पण त्याला तो एकच जाड आवाज हवा असतो.

आणि गोव्याचा मांडो, ते कोकणी गाणं? त्यात दुसरा आवाज थर्ड-सिक्स्थ, म्हणजे तिसऱ्या-सहाव्या स्वराचं अंतर, धरून पहिल्याच्या मागे मागे, तरी दोन्ही ऐकू येतात. थर्ड कधी मेजर (मोठा), कधी मायनर (छोटा) होतो, म्हणून आवाज विरघळत नाहीत, असं मी सांगतो. विशीतला मी विचारतो: हे शास्त्र, की त्या तालमीचा राग?

राग आहे, नाकारत नाही. टेनरची ओळ मी मुलांना आधी एकटीच गाऊन बघायला लावतो. आल्टोला हाच न्याय लावतो का, ते मुलांनाच विचारा.