पुसलेला काटा

पहाटे पावणेतीनला ढगांतून अर्ध्या तासाची फट मिळाली आणि एका दीर्घिकेत नव्याने दिसलेल्या अठराव्या प्रतीच्या, म्हणजे फार अंधुक, ठिपक्याचा एकच वर्णपट, म्हणजे तरंगलांबीनुसार उलगडलेला प्रकाश, हाती लागला. तो अतिनवतारा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, होता. दुसरा सुरू करेपर्यंत आभाळ पुन्हा भरून आलं. एरवी किमान दोन घेतोच. वैश्विक किरण डिटेक्टरवर आदळला की वर्णपटात टोकदार काटा उमटतो. दुसऱ्या चित्रात त्या जागी तो नसतो, म्हणून पकडता येतो. माझ्याकडे दुसरं चित्र नव्हतं. ६६७५ अँगस्ट्रॉम या तरंगलांबीपाशी, एका रुंद उंचवट्याच्या माथ्यावर, असाच एक काटा होता. मी तो पुसला.

त्या उंचवट्याच्या डावीकडे, ६३५५च्या आसपास, मोठी खाच होती, म्हणजे तिथे प्रकाश कमी पडत होता. अतिनवताऱ्याचा वर्ग ठरवताना आधी नजर जाते ती अशा खाचेवर. वन-ए या नेहमी सापडणाऱ्या प्रकारात सिलिकॉनची खाच ६१५०च्या जवळ दिसते, पण दीर्घिकेची ताम्रसृती जितकी, तितकी ती लाल बाजूला सरकलेली असते. दीर्घिका जितकी लांब, तितकी ही ताम्रसृती जास्त. या दीर्घिकेची ताम्रसृती कुठेच नोंदलेली नव्हती. ओळखीच्या अतिनवताऱ्यांच्या वर्णपटांशी जुळणी करणाऱ्या प्रोग्रॅमने मग स्वतःच ०.०३३ धरली, खाच सिलिकॉनवर नेऊन बसवली आणि पहिल्या पाचही जुळण्या वन-ए दाखवल्या. वन-एची दुसरी खूण म्हणजे गंधकाची डब्ल्यूसारखी जोडखाच, ती मी शोधली. गोंगाटात ती ‘असावी’ असं वाटलं. वन-एच्या मानाने तेज कमी होतं. अजून चढतंय, असं मी मनाला समजावलं. सकाळी ‘वन-ए’ अशी वर्गाची नोंद पाठवली. आपलं नाव आधी लागावं ही घाई आमच्या क्षेत्रात सगळ्यांनाच असते, मलाही होती, आणि तिने फार नुकसान होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

नुकसान चुकीच्या अक्षराचं नव्हतं. ‘वन-ए’ लिहिलं की बाकीच्या दुर्बिणी दुसरीकडे वळतात, कारण तसे शेकड्यांनी सापडतात. तीन आठवडे त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

तेविसाव्या दिवशी आमची एक विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, याचं तेज वन-एसारखं उतरत नाहीये.” त्याच रात्री वर्णपट घेतला. ५८७६, ६६७८ आणि ७०६५ या हेलियमच्या तिन्ही रेषांच्या खाचा स्वच्छ दिसल्या, ताम्रसृती निघाली ०.०१७. म्हणजे मी धरलेलं अंतर जवळजवळ दुप्पट होतं. ती पहिली खाच सिलिकॉनची नव्हतीच, सेकंदाला चौदा हजार किलोमीटर वेगाने आपल्या दिशेने येणाऱ्या हायड्रोजनची होती. हा टू-बी प्रकारचा अतिनवतारा: आधी हायड्रोजन दाखवणारा, मग तो विरत जाऊन हेलियम उघडा पाडणारा. १९९३ साली एम ८१ दीर्घिकेतल्या १९९३-जे या अतिनवताऱ्याने हेच रूपांतर दाखवलं होतं. ताऱ्यावर हायड्रोजनचा थर किती पातळ उरला होता, ते याच बदलाच्या दिवसांतून कळतं. आमच्याकडे नेमके तेच दिवस नाहीत.

हरवलेला धूमकेतू निदान परत गाठता येतो. होम्सचा धूमकेतू १९०६नंतर हरवला होता. ब्रायन मार्सडेन यांनी कक्षा नव्याने मांडली आणि १९६४मध्ये एलिझाबेथ रोमर यांनी तो टिपला. अतिनवताऱ्याची कसली फेरी?

दुरुस्तीची नोंद त्याच दिवशी पाठवली. मग पहिल्या रात्रीचं कच्चं चित्र उघडलं, जे मी त्या पहाटे उघडलंच नव्हतं. वैश्विक किरणाचा डाग एक-दोन पिक्सेलचा, कडा तीक्ष्ण. हा काटा मात्र अतिनवताऱ्याच्या पट्ट्याच्या वरखाली, वर्णपट घेणाऱ्या उपकरणाच्या अरुंद फटीच्या लांबीभर, फिकट होत पसरला होता. दीर्घिकेतल्या वायूची हायड्रोजन-अल्फा रेषा होती ती. ६६७५ भागिले तिची मूळ तरंगलांबी ६५६३, उत्तर १.०१७, म्हणजे ताम्रसृती ०.०१७. ताम्रसृती पहिल्याच रात्री तिथे होती, आणि ती मीच पुसली होती.

आता त्या विद्यार्थिनीला मी आधी कच्चं चित्र उघडायला लावते. ती उघडते तेव्हा मीही खुर्ची ओढून शेजारी बसते.