तबकडी नेमकी कितीने फिरवायची?

मामांनी ग्रामोफोन काढून टाकला आणि रेकॉर्डची पेटी माझ्याकडे आली. घरात जुन्या गाण्यांचं वेड मला एकटीलाच, त्यामुळे वारसाहक्काचा प्रश्न उद्भवला नाही. पेटीत बहुतेक १९४० आणि ५० च्या दशकांतली हिंदी चित्रपटगीतं, थोडी भावगीतं आणि तळाशी लेबल उडालेल्या काही तबकड्या. यातली बरीच गाणी इंटरनेटवर आहेत, मग एवढा खटाटोप कशाला, असं ज्याने त्याने विचारलं. आहेत ना. पण कुणी वेग वाढवलेली, कुणी घुमारा चढवलेली, कुणी खरखर घालवता घालवता सारंगीही घालवलेली. मला तबकडीवर जे आहे तेच हवं होतं आणि ते काँप्युटरवर आणायचं होतं.

पहिलं काम धुण्याचं. ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी व्हिनाइल या प्लॅस्टिकची नसते, लाखेची असते. पळस, बोर, कुसुम या झाडांवरचा तो इवलासा किडा जी लाख तयार करतो, ती शुद्ध करून तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळली की ही काळी, जड आणि काचेसारखी फुटणारी तबकडी होते. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एलपी, म्हणजे नंतरच्या व्हिनाइलच्या तबकड्या, पुसायच्या बऱ्याच द्रावणांत अल्कोहोल असतं, म्हणून ती बाटली या तबकड्यांपासून लांबच ठेवायची. मी डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा थेंब टाकला, मऊ ब्रश रेघांच्या दिशेने फिरवला, लगेच साध्या डिस्टिल्ड वॉटरने धुऊन कापडाने टिपून घेतलं. लेबल कागदाचं असतं, त्यावर प्लॅस्टिकची वाटी दाबून धरायची. काळं पाणी निघतं. त्यात धूळ असतेच, शिवाय दगडाच्या पुडीवर घासून झिजलेल्या स्टीलच्या सुयांचा चुराही असतो. एक सुई एका बाजूपुरती, असा तेव्हाचा नियम होता. तो किती घरांत पाळला गेला हे रेघांकडे पाहून कळतं.

सुईचं प्रकरण मात्र निवांत समजून घेण्यासारखं आहे. एलपीची सुई टोकाला साधारण १८ ते २५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ७८ च्या रेघा खूप रुंद, तिला ७६ मायक्रॉनच्या आसपासची सुई लागते. याला तीन मिल म्हणतात, म्हणजे इंचाचे तीन हजारांश. एलपीची सुई ७८ वर ठेवली तर ती रेघेच्या तळाशी लोळते. तिथे कचरा साचलेला, त्यामुळे गाण्यापेक्षा कचराच जास्त वाजतो. योग्य सुई दोन्ही भिंतींना मधल्या उंचीवर टेकते.

पण हीच मधली उंची जुन्या स्टीलच्या सुयांनीही घासलेली असते. भिंग लावून तिरक्या उजेडात पाहिलं की झिजलेली रेघ करडी दिसते, आणि सगळ्यात करडा पट्टा गायिकेचा आवाज जिथे चढतो तिथे. जोराचा आवाज म्हणजे रेघेची मोठी वळणं, आणि ग्रामोफोनचा सुई धरणारा, शंभर ग्रॅमहून जड साउंडबॉक्स त्या वळणांवर भिंती तासत जायचा. अशा वेळी सुईची जाडी बदलून बघायची. अडीच मिलची सुई झिजलेल्या पट्ट्याच्या खाली बसते, साडेतीनची वर, आणि तिथली भिंत अजून कोरी असू शकते. माझ्याकडच्या एका तबकडीवर वरचा षड्ज लागला की फाटल्यासारखा आवाज यायचा. जाड सुई लावली आणि तो षड्ज सरळ, स्वच्छ लागला. त्या दिवशी मी तीच ओळ पुन्हा पुन्हा लावत बसले, घरच्यांचा अंत पाहिला.

या तबकड्या मोनो, म्हणजे एकाच चॅनलच्या असल्या तरी काँप्युटरवरचं मुद्रण स्टिरिओत, दोन चॅनलवर करावं. ७८ मध्ये गाणं रेघेच्या आडव्या हालचालीत असतं. उभ्या हालचालीत असतो तो निव्वळ गोंगाट. डावा आणि उजवा चॅनल एकत्र केला की उभ्या हालचालीचा आवाज एकमेकांना मारतो आणि खरखर बरीच उतरते. एक भिंत खूपच खराब असेल तर दुसरीचाच चॅनल घ्यायचा. हा निर्णय नंतर निवांत घेता येतो, पण त्यासाठी मूळ फाइलमध्ये दोन्ही चॅनल वेगळे असायला हवेत. मी २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झवर घेतलं. ध्वनिसंग्रहालयं अशीच घेतात, आणि साठवणुकीची जागा काही आता महाग राहिलेली नाही.

इक्वलायझेशन, म्हणजे जाड आणि बारीक आवाजांचं प्रमाण सावरणं, याबद्दल थोडक्यात सांगते. हल्लीच्या फोनो प्रीअँपमध्ये, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्रात, आरआयएए नावाचा वक्र (कुठला आवाज किती वाढवायचा-कमी करायचा याचं ठरलेलं प्रमाण) बसवलेला असतो. तो साधारण १९५४ पासून रूढ झाला. तो वरचे आवाज १० किलोहर्ट्‌झला जवळपास १४ डेसिबल कमी करतो, कारण एलपी कापताना तेवढे वाढवलेले असतात. जुन्या ७८ वर तेवढे वाढवलेलेच नसतात. म्हणून साध्या प्रीअँपमधून वाजवलेली तबकडी घोंगडं पांघरून गायल्यासारखी वाटते, आणि लोक समजतात की जुनं रेकॉर्डिंगच तसं होतं. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये जुने वक्र मिळतात. ते लावून पाहायचे आणि शेवटी कानावर विश्वास ठेवायचा, कारण कुठल्या कंपनीने कुठल्या वर्षी काय वापरलं हे लेबलवर छापलेलं नसतं.

आता वेग. इथेच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि मजाही इथेच आली.

७८ म्हणजे मिनिटाला ७८ फेरे, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ५० हर्ट्‌झची वीज असलेल्या देशांत, म्हणजे आपल्याकडेही, हा आकडा ७७.९२ येतो. त्याचं कारण स्ट्रोबोस्कोप. विजेचा दिवा ५० हर्ट्‌झवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, मिनिटाला ६,०००. गोल कागदावर ७७ काळ्या रेघा आखून तो तबकडीवर ठेवायचा. वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. ६,००० भागिले ७७ म्हणजे ७७.९२. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची, तिथे ९२ रेघा आणि ७८.२६ फेरे. मी असा कागद छापून घेतला. चांगल्या एलईडी दिव्याखाली तो काहीच दाखवत नाही, कारण तो दिवा लुकलुकतच नाही. जुना निऑन टेस्टर लॅम्प काढला तेव्हा रेघा उभ्या राहिल्या.

पण टर्नटेबल बरोबर फिरलं म्हणजे तबकडी बरोबर वाजली असं नाही. तिचं मुद्रण नेमकं याच वेगाने झालं होतं कशावरून? वेगात सहा टक्के फरक पडला की सूर अर्ध्या सुराने सरकतो, काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये जातं. एक गाणं मी मामांना फोनवर ऐकवलं. मुखडा संपायच्या आत म्हणाले, "अगं, ही एवढी लहान पोर नव्हती गं. हळू कर जरा." आणि खरंच, वेग तीन-चार टक्के उतरवला तेव्हा आवाजाला वय आलं. र आणि श नीट ऐकू यायला लागले.

मामांचा कान प्रत्येक वेळी मिळणार नाही, म्हणून चित्रपटातल्या गाण्याशी ताडून बघायचं ठरवलं. तिथे वेगळीच भानगड निघाली. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. आपल्या टीव्हीची पाल पद्धत २५ ची. जुने सिनेमे व्हिडिओवर आणताना बऱ्याचदा सरळ २५ ने चालवले गेले. म्हणजे सगळा सिनेमा चार टक्के घाईत आणि सूर अर्ध्या सुराला थोडा कमी, इतका वर. तेव्हा चित्रपटाची फाइल आधी चार टक्के उतरवायची आणि मग तुलना करायची.

शिवाय ती दोन्ही गाणी एकच असतील याचीही खात्री नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपासच मावतं. त्यामुळे कित्येक गाणी तबकडीसाठी वेगळी ध्वनिमुद्रित झाली. एखादा अंतरा गाळला जायचा, मधलं संगीत आखूड व्हायचं, लय किंचित वाढायची. पेटीतल्या एका गाण्याचा शेवटचा अंतरा फक्त पडद्यावर आहे, तबकडीवर नाही. जुन्या गाण्यांचे शौकीन दोन्ही जोडून 'संपूर्ण गाणं' तयार करतात. मला ते पटत नाही. वेगळ्या दिवशी, वेगळ्या माइकसमोर गायलेल्या दोन गोष्टी आहेत त्या.

हार्मोनियमवरून पट्टी ठरवणं हा आणखी एक उपाय, पण तेव्हाची वाद्यं आजच्या ४४० हर्ट्‌झच्या हिशेबाने लावलेली असतीलच असं नाही. त्यामुळे मी सगळं मिळून अंदाज करते आणि फाइलच्या नावातच वेग लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणाला पटला नाही तर बदलता येईल.

टिकटिक काढण्याचा सोस आवरता ठेवावा. कडेपासून चीर गेलेली तबकडी प्रत्येक फेऱ्याला एक टिक देते, तीन मिनिटांत २३४. त्या मी हाताने काढल्या, एकेक मोठी करून, लहर बघून. आपोआप काढणाऱ्या प्रोग्रॅमला टिक आणि ढोलकीच्या थापेचं टोक यांतला फरक कळत नाही. टाळ्या, घुंगरू, चिमटा यांच्यावर तर तो तुटून पडतो. सरसकट खरखर घालवणारा फिल्टर जोरात लावला की गायिका हौदाच्या तळातून गातेय असं वाटतं. मी खरखर थोडी उतरवते आणि सोडून देते. कान दहा सेकंदांत तिच्याकडे दुर्लक्ष करतो. गेलेले सूर मात्र परत आणता येत नाहीत. न धुतलेली मूळ फाइल वेगळी ठेवलेली असतेच.

उरली ओळख पटवणं. हरमंदिर सिंह 'हमराज़' यांचा हिंदी फ़िल्म गीत कोश यासाठी देवासारखा धावून येतो. दशकवार खंड, प्रत्येक चित्रपटाची गाणी, गायक आणि रेकॉर्डचे क्रमांक. एचएमव्हीचा 'एन' किंवा कोलंबियाचा 'जीई' ने सुरू होणारा क्रमांक वाचता आला की काम झालं. लेबलवरच्या नावावर मात्र डोळे मिटून विसंबू नये. १९४९ च्या 'महल'मधलं 'आयेगा आनेवाला' तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' असं छापून निघालं. कामिनी हे पडद्यावरच्या मधुबालाच्या पात्राचं नाव. गायल्या होत्या लता मंगेशकर. त्यामानाने १९०२ साली कलकत्त्यात गायलेली गौहर जान हुशार म्हणायची. गाणं संपताना 'माय नेम इज गौहर जान' असं तबकडीतच सांगून मोकळी झाली, लेबल उडो की राहो.

माझ्या लेबल उडालेल्या तबकड्यांवर असं कुणी काही सांगत नाही. आतल्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे तबकडीच्या साच्याचा क्रमांक दिसतो, पण तो प्रत्येक बाजूचा वेगळा असतो आणि कोशातल्या क्रमांकाशी जुळत नाही. मग मुखड्याच्या शब्दांवरून शोधायचं. तीन अजून अडल्यात, त्यांतली एक बहुधा चित्रपटाची नाहीच, खासगी गझल असावी.

या फाइली इतरांना ऐकवता येतील का, असं पुष्कळ जण विचारतात. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९५० ला निघालेल्या तबकडीचा २०१० अखेर संपला. पण शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणून प्रत्येक फाइलसोबत त्या दोघांची मृत्युवर्षं लिहून ठेवायला लागले आहे. मामांना मात्र सगळ्या फाइली पाठवते. त्यांची यादी ठरलेली आहे, आणि तिच्यात पहिला नंबर त्या अडलेल्या गझलेचा.