डेअरीवरून येईपर्यंत थांबलेला कार्यक्रम

सह्याद्री वाहिनीवर संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागतो, तेव्हा आमचे आप्पा गोठ्यात धार काढत असतात. मग किटली घेऊन डेअरी. घरी येईपर्यंत कार्यक्रम संपलेला. माण तालुक्यातल्या आमच्या डाळिंबावर तेल्या रोग पडला त्या वर्षी ही चुकामूक मला फार टोचायला लागली. मी पुण्यात असतो, रोज फोनवर माहिती देणं जमत नव्हतं. ठरवलं, कार्यक्रमच साठवून ठेवायचा.

आधी आमच्याकडे पैसे भरायचं डीटीएच होतं, रेकॉर्डिंगवालं. पण रिचार्ज संपला की साठवलेलंसुद्धा उघडत नसे. ते सगळं त्या पेटीशी कुलूपबंद असतं, हार्ड डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तरी काही दिसत नाही. म्हणून मी फ्री डिशकडे वळलो. २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झालेली दूरदर्शनची ही सेवा. महिन्याचे पैसे नाहीत. यूएसबीवर रेकॉर्डिंग करणारी साधी पेटी बाजारात मिळाली.

छत्री जीसॅट-१५ कडे, म्हणजे ९३.५ अंश पूर्वेला लावायची. आमच्या गावातून तो उपग्रह आग्नेयेला, बराच उंचावर येतो. पडवीशेजारचा शेवगा नेमका आड येत होता. दोन फांद्या उतरवल्या आणि सिग्नल मिळाला.

खरी कसोटी पुढं होती. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह पेटी ओळखेचना. तिला एफएटी-३२, म्हणजे पेनड्राइव्हवर फायली मांडायची एक जुनी पद्धत, हवं होतं, आणि विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर तो पर्याय येत नव्हता. शेवटी ३२ जीबीचाच घेतला. अर्ध्या तासाला साधारण अर्धा जीबी लागतो, म्हणजे आठवड्याचे कार्यक्रम आरामात मावतात.

टायमर लावून मी पुण्याला आलो. दुसऱ्या दिवशी आप्पांचा फोन. "आरं, ह्यात कसलं तरी रातचं दाखवतंय." रोज तेच. पुढच्या शनिवारी जाऊन पेटीचं घड्याळ बघितलं, तर भिंतीवर सहा वाजलेले आणि पेटीत साडेबारा. साडेपाच तासांचा फरक दिसला आणि लगेच उलगडा झाला. सिग्नलमधून वेळ येते ती जागतिक प्रमाणवेळ. भारताचे साडेपाच तास पेटीत आपण मिळवायचे असतात. मी फॅक्टरी रीसेट केलं तेव्हा ती नोंद शून्यावर गेली होती. ज्यांचा टायमर चुकतो त्यांनी सगळ्यात आधी हे बघावं.

मग वीज. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली की ती फाइल पुष्कळदा उघडतच नाही. आमची पेटी १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालते, म्हणून राउटरसाठी मिळतो तो छोटा यूपीएस तिला जोडला. अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळतात का, हे पाहूनच जोडावा. टीव्ही बंद असला तरी चालतो, पेटी आणि छत्रीवरचा एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा भाग, चालू राहिले की पुरे.

पेटीत ट्यूनर एकच आहे. त्यामुळे रेकॉर्डिंग चालू असताना त्याच फ्रीक्वेन्सीवरच्या वाहिन्या तेवढ्या बघता येतात. आईची मालिका दुसरीकडे, पण ती म्हणाली, "अर्ध्या तासानं काय बिघडतंय? त्यांचं होऊ दे."

आता आप्पा जेवण झालं की वही घेऊन बसतात. बोर्डो मिश्रणाचं, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या फवारणीच्या औषधाचं, प्रमाण सांगितलं तेव्हा त्यांनी चित्र थांबवलं आणि सावकाश लिहून घेतलं : एक टक्क्यासाठी मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर. मग मागं नेऊन पुन्हा ऐकलं. चष्मा पुसायलाही वेळ मिळतो, असं ते म्हणाले, तेव्हा मला भरून आलं. टीव्हीवरचा माणूस आपल्यासाठी थांबतो, ही सोय त्यांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती.

आषाढीला आईनं पंढरपूरच्या शासकीय महापूजेचं पहाटेचं प्रक्षेपण साठवायला सांगितलं. मी मागंपुढं भरपूर वेळ ठेवून टायमर लावला. सकाळी बघतो तर दोन तुकडे, कारण एफएटी-३२ वर एक फाइल चार जीबीच्या पुढं जात नाही. त्यात रात्री पाऊस झोडपत होता, आणि ही छत्री ज्या लहरींवर चालते तो केयू बँडचा सिग्नल जोराच्या पावसात विरतो. चित्राचे मधेमधे चौकोन झालेत, एके ठिकाणी आवाज तुटलाय. मी म्हटलं, "आई, पुढच्या वर्षी चांगलं करून देतो, हे पुसू का?"

"नको," ती म्हणाली. "विठ्ठलाचं तोंड नीट दिसतंय त्यात."

आप्पांचे बघून झालेले कार्यक्रम दर रविवारी पुसले जातात. ते दोन तुकडे मात्र पेनड्राइव्हवर आहेत.