लुइझियाना आयरिसवर केवडा पडला तेव्हा

पाण्याची आवड असलेलं झाड म्हणून मी ते सरळ परसातल्या मोरीच्या पाटाजवळ लावलं. तिथं बारा महिने ओल असते. माझं चुकलं ते इथंच.

लुइझियाना आयरिस या फुलझाडाचे दोन गड्डे मला मैत्रिणीनं दिले होते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या दलदलीतल्या चार-पाच रानजातींपासून झालेला हा संकर. ऑगस्टच्या पावसात गड्डे जेमतेम इंचभर मातीखाली लावले. दिवाळीपर्यंत पाती हिरवीगार होती, मग ती फिकट पडत गेली. शिरा हिरव्या आणि मधली पट्टी पिवळी. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून बोअरचं पाणी आणखी सोडलं. पिवळेपणा वाढतच गेला. रोज सकाळी ते बघताना जीव तुटायचा. आत्या म्हणायच्या, "अगं, गवात हाय ते. त्येला कवा फुलं यायची?"

शेजारचे काका ऊस करतात. त्यांनी एक पात हातात धरली आणि लगेच म्हणाले, "केवडा पडलाय ह्येच्यावर." उसाला लोह मिळालं नाही की असंच होतं. मातीत लोह असतं, पण माती चुनखडीची असली तर मुळांना ते उचलता येत नाही. या आयरिसला थोडी आम्ल माती लागते, सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) साडेसहाच्या आसपास. आमच्या परसात चुनखडीची काळी माती, वर बोअरचं क्षारांचं जड पाणी आणि मोरीतून येणारा साबण. ओल भरपूर होती, पण त्या बिचाऱ्याच्या कामाची नव्हती.

मग एक निळा ड्रम अर्धा कापला. भोकं तळाला पाडली नाहीत, बाजूला चार इंच वर पाडली, म्हणजे खाली पाणी साठून राहतं. गगनबावड्याकडे नात्यातल्यांचं शेत आहे, तिथली तांबडी माती दोन पोती आणली. त्यात पालापाचोळ्याचं खत आणि शेणखतात आठवडाभर मुरवलेला थोडा हिराकस (लोह देणारं मीठ) मिसळला. पाणी पागोळ्यांचं, पिंपात साठवलेलं. सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी भिंतीची सावली येईल अशा जागी ड्रम ठेवला. गड्ड्याला ऊन लागून तो भाजू नये म्हणून वर उसाचं पाचट पसरलं. नवी पाती हिरवी आली तेव्हा मी काकांना हाक मारून दाखवली.

त्या उन्हाळ्यात फूल आलं नाही. पुढच्या मार्चमध्ये पात्यांतून एक दांडा वर सरकला आणि माझ्या छातीपर्यंत गेला. कळी मिटलेल्या छत्रीसारखी पिळदार. उमललं तेव्हा गर्द जांभळं, ओल्या मखमलीसारखं. तीन पाकळ्या खाली झुकलेल्या, प्रत्येकीच्या मधोमध पिवळी रेघ. त्या रेघेवरून एक मधमाशी आत शिरली आणि पाठीवर पराग घेऊन बाहेर आली. एकेक फूल दोन-तीन दिवसच टिकलं, पण खालच्या कळ्या पाळीनं उमलत राहिल्या. आत्या खुर्ची घेऊन तिथंच बसायच्या.

फुललेला गड्डा पुन्हा फुलत नाही, हे आधी ठाऊक असलेलं बरं. नाहीतर तो वाळला की झाड गेलं असं वाटतं. त्याच्या कडेला फुटलेली पिल्लं पुढच्या वर्षी फुलतात. माझ्या ड्रममध्ये पाच पिल्लं आहेत. श्रावणात दोन सोडवून काकांना द्यायची आहेत, विहिरीजवळ लावायला. तिथं माती तांबडी आहे आणि कुणी धुणं धूत नाही.