चौंडकं कोण वाजवालाय?

"हे चौंडकं कोण वाजवालाय गं?" मामांनी विचारलं आणि माझा भांडी पुसणारा हात तिथंच थांबला.

बेळगावात, शहापूरच्या त्यांच्या घरातली सकाळ. मामेभावाचं लग्न आदल्या दिवशी पार पडलं होतं. त्या चार दिवसांतलं आता आठवतं ते एवढंच: मांडे, कुंदा, आणि रात्री दोनपर्यंत चाललेला बँजो. पाहुणे गेल्यावर मी फोनवर अमेरिकन जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकचं 'कमीलियन' लावून स्वयंपाकघरात बसले होते. 1973 सालच्या 'हेड हंटर्स' या अल्बमची सुरुवातच या ट्रॅकनं होते आणि तो पंधरा मिनिटांहून जास्त चालतो. आधी नुसता बेस ऐकू येतो. तोही गिटारवरचा नाही, हॅनकॉकनं सिंथेसायझरवर वाजवलेला. जाड, दबक्या आवाजाची एक ओळ येते, परत येते, परत येते, आणि मग तिच्याखाली ड्रम सरकतो.

मामांचं वय चौऱ्याहत्तर. हॅनकॉकचं नावही त्यांनी कधी ऐकलेलं नाही. पण पन्नासएक वर्षं ते माघी पौर्णिमेला सौंदत्तीला, यल्लम्माच्या यात्रेला जातात, आणि चौंडकं म्हणजे तिथल्या देवीच्या गाण्यांत वाजणारं एका तारेचं वाद्य. "यल्लम्माच्या डोंगरावर असंच वाजतंय की. तार अशी ओढून सोडतात बघ," असं म्हणत त्यांनी मूठ वर-खाली केली. तीन वर्षं मी हा ट्रॅक ऐकते आहे. त्या आवाजाला काय म्हणावं हे मला सुचलं नव्हतं, आणि मामांनी ते एका वाक्यात सांगून टाकलं.

पौर्णिमा तीन दिवसांवर होती. मी परतीचं तिकीट रद्द केलं.

मी गाणं शिकलेली नाही. जॅझ आणि फंक माझ्याकडे आलं ते ऑफिसला जाता-येता, कानात इयरफोन घालून. कोणता कॉर्ड, कोणती स्केल, हे मला विचाराल तर सांगता येणार नाही. पण फंकवाल्या जेम्स ब्राऊनचं 'कोल्ड स्वेट' लागलं की मान हलते, आणि माइल्स डेव्हिसचा ट्रम्पेट एक सूर लावून गप्प बसला की माझाही श्वास थांबतो. 'जॅझ समजायला अभ्यास लागतो' असं कुणी ऐकवलं की मला फार वाईट वाटतं. आणि त्याहून वाईट वाटतं ते हॉटेलात जेवणाऱ्यांच्या गप्पांखाली हे संगीत बारीक आवाजात लावून ठेवतात तेव्हा. ती माणसं घाम गाळून वाजवतायत आणि आपण चमचे वाजवतोय.

बेळगावहून बैलहोंगलमार्गे सौंदत्तीची बस धरली. यात्रेची गर्दी असली की काय होतं ते कोल्हापूरकडच्या वाचकांना सांगायला नको. मामांनी कंडक्टरशी कानडीत बोलून मला बसायला जागा मिळवली आणि स्वतः बैलहोंगलपर्यंत उभे राहिले. मला फार संकोच वाटला. पुढं गावातल्या एका लॉजवर बाराशे रुपये मोजले तर नळाला पाणी नाही, आणि तक्रार केली तर "यात्रेत असंच असतंय". चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसानं पहाटे बादली घेऊन दोन जिने उतरायचे? तो राग अजून गेलेला नाही.

संध्याकाळी डोंगरावर गेलो. बैलगाड्या सोडलेल्या, गाड्यांच्या आडोशाला चुली पेटलेल्या, भंडाऱ्यानं माणसांचे कपाळ-केस पिवळे झालेले. "उदं गं आई उदं" चारी बाजूंनी येत होतं. देवळाची रांग मोठी होती. मामा म्हणाले, "आधी ऐकून घे, आई कुठं जात नाही."

एका गाडीपाशी पाच जणांचा मेळ बसला होता. पुढं गाणारी एक म्हातारी जोगतीण, म्हणजे यल्लम्माला सोडलेली बाई, मांडीजवळ परडी. शेजारी तुणतुणं, झांज, आणि झील धरायला, म्हणजे तिची ओळ मागून उचलायला, दोघी. आणि चौंडकं घेतलेला एक सडसडीत माणूस.

मी त्याच्यापासून तीन हातांवर बसले आणि दोन तास हलले नाही. चौंडक्याचा डबा त्यानं डाव्या काखेत दाबून धरला होता. खालच्या कातड्यातून निघालेली तार डाव्या मुठीतल्या दांडीला बांधलेली, उजव्या हातात लाकडाचा लहानसा तुकडा. तो तार छेडायचा आणि त्याच क्षणी डावी मूठ आवळून ओढायचा. सूर वर चढायचा, 'डुंव' करून. मूठ सैल केली की तोच सूर खाली घसरायचा. हाताची शीर टरारलेली दिसत होती. अंगठ्याच्या बेचक्यात तारेनं पाडलेला घट्टा होता, जुना, काळा पडलेला.

मला खिळवून ठेवलं ते मात्र त्याच्या थांबण्यानं. पहिल्या मात्रेवर तो जोरात यायचा, दुसरीला हलकासा स्पर्श, आणि पुढं चक्क काही नाही. तिथं झांज एकटी चालायची. मग आवर्तन संपता संपता दोन घाईचे ठोके, आणि पुन्हा पहिलीवर धाडकन. त्या मोकळ्या जागेत माझं शरीर आपोआप पुढं झुकायचं. जेम्स ब्राऊन आपल्या वादकांना हेच सांगायचा: सगळा भार 'एक'वर टाका. 1967 साली आलेल्या 'कोल्ड स्वेट'मध्ये ते अगदी उघड ऐकू येतं. सूर फार बदलत नाहीत, पण गिटार, ड्रम, ब्रास, जो तो आपापल्या वेळी थोडंसं वाजवून बाजूला होतो आणि 'एक'ला सगळे भेटतात. आपल्याकडे समेवर येणं म्हणतात. पण मैफलीतल्या समेला आपण 'वा' म्हणतो. इथं टाच जमिनीवर आपटते.

मधेच जोगतिणीनं मान वळवून चौंडकंवाल्याला नावानं हाक मारली आणि त्यानं चार आवर्तनं एकट्यानं वाजवली. अंगावर सर्रकन काटा आला, कारण ब्राऊनही गाता गाता असाच "मेसिओ!" म्हणून सॅक्सोफोनवाल्या मेसिओ पार्करला हाक मारतो.

त्या म्हातारीचा आवाज फाटलेला होता आणि सुंदर होता. मुली देवाला सोडण्यावर कर्नाटकात 1982 साली कायद्यानं बंदी आली. तिचं वय बघता ती त्याच्या कितीतरी आधीची. तिच्या वाट्याला काय आलं असेल ते विचारायचं धाडस मला झालं नाही. मी परडीत तांदूळ आणि पैसे घातले, तिनं भंडारा लावला आणि कानडी वळणाच्या मराठीत म्हणाली, "जेवून जा गं, लेकी." भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा. परक्या बाईला चुलीजवळ बसवून वाढायला त्या लोकांना क्षणभर विचार करावा लागला नाही. बाराशेचा लॉज मी तेवढा वेळ विसरले.

दर्शन रात्री उशिरा झालं. ते छान झालं, एवढंच.

परतताना बस थोडी रिकामी होती. इयरफोनचं एक टोक मामांच्या कानात घातलं आणि 'सो व्हॉट' लावलं. 1959 साली माइल्स डेव्हिसनं न्यू यॉर्कला केलेल्या 'काइंड ऑफ ब्लू'चा पहिला ट्रॅक. तिथं बेस एक ओळ म्हणतो आणि बाकीचे दोनच सुरांत उत्तर देतात. पुन्हा ओळ, पुन्हा दोन सूर. मामांनी डोळे मिटले होते. तिसऱ्या खेपेला त्या दोन सुरांवर त्यांनी पुढच्या सीटच्या दांडीवर दोन बोटं टेकवली.

"झील धरलीय," ते म्हणाले.

माइल्सचा सोलो ते अगदी स्तब्ध बसून ऐकत होते. मग जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन सुरू झाला. त्याला फार सांगायचं असतं, एका श्वासात सगळं. मला त्या पूर्ण अल्बममध्ये हीच जागा सर्वांत प्रिय आहे, म्हणून मी मामांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"ह्यो लई बोलतोय," मामा म्हणाले. "पहिला बरा होता. सांगून गप्प बसत होता."

मी वाद घातला. बैलहोंगल येईपर्यंत आम्ही वाद घालत होतो आणि मामांनी तो ट्रॅक तीनदा परत लावायला लावला.