भिलारचा रविवार
महाबळेश्वरच्या गर्दीला कंटाळून आज भिलारला वळलो. मे २०१७ मध्ये हे ‘पुस्तकांचं गाव’ झालं. पुस्तकं सरकारची, पण खोल्या गावकऱ्यांच्या राहत्या घरांतल्या. कुठे कविता, कुठे चरित्रं, कुठे बालसाहित्य. एका ओसरीवर तासभर दिवाळी अंक चाळत बसलो, कुणी हटकलं नाही. काकूंनी फक्त विचारलं, “चहा ठेवू का? आत्ताच रानातून आलेय.” एकीकडे स्ट्रॉबेरी निवडून डब्यांत भरणं चालूच होतं. मला हेच पटलं. पोट शेतीवर आहे, म्हणून पाहुण्यांच्या मागे धावायची घाई नाही. (आमचे चिरंजीव मात्र पुस्तकं सोडून स्ट्रॉबेरी-क्रीमवर तुटून पडले!) आता भर पावसात, स्ट्रॉबेरी नसताना, नुसतं वाचायला कोण येतं ते बघायला जायचंय. कोण येतंय सोबत?